मोठ्या निर्मितीत ‘व्हिजन’ म्हणजे कागदावर नेमकं काय असतं?

गनिमी_कावा

ऐतिहासिक वेबमालिका, आठ भाग, शूटिंगला दहा आठवडे उरलेत. बाउंड स्क्रिप्ट (संवादांसह पूर्ण पटकथा) हातात आहे, पैसा उभा राहिलाय, विभागप्रमुख एकाहून एक आहेत. अडचण अशी की प्रत्येक जण वेगळीच मालिका करतोय. कलादिग्दर्शकांच्या भिंतीवर झळाळते महाल, डीओपींच्या (छायाचित्रण दिग्दर्शकांच्या) फोनमध्ये धूळ आणि मशाली, वेशभूषेकडे जरीचे नमुने येऊन पडलेत, आणि व्हीएफएक्सवाल्यांनी (संगणकावर दृश्यं बनवणाऱ्यांनी) गडाचं हवाई दृश्य करायला घेतलंसुद्धा. दिग्दर्शकांना विचारलं तर उत्तर येतं, ‘भव्य, पण वास्तववादी.’ निर्मात्यांचंही तेच, फक्त ‘भव्य’ दोनदा.

प्रश्न तीन. व्हिजन व्हिजन म्हणतात ते कागदावर काय स्वरूपात असतं? ते ठरवणारा एकच माणूस हवा की चर्चेतून चालतं? आणि बदल कुठपर्यंत परवडतात? जाणकारांनी कृपया तत्त्वज्ञान न सांगता कामाचं सांगावं.

पडद्यामागचा

‘भव्य पण वास्तववादी’ला कोणीच नाही म्हणू शकत नाही, हाच त्यातला दोष. महालही त्यात बसतो, मशालही बसते. ज्या वाक्यामुळे एकाही विभागाची एकही वस्तू कापली जात नाही ते पोस्टरवर टाकायला ठीक, कामाला निरुपयोगी.

उदाहरण घेऊ. समजा असं ठरलं: ‘ही गोष्ट गडावरच्या शिबंदीच्या, म्हणजे राखणीच्या शिपायांच्या, डोळ्यांनी दिसते. कॅमेरा उभ्या माणसाच्या नजरेच्या वर कधीच जाणार नाही.’ आता बघा हे कुठे कुठे पोचतं.

व्हीएफएक्सचं हवाई दृश्य गेलं. गड दिसेल तो पायथ्यावरून किंवा दरवाजाच्या चौकटीतून. म्हणजे तटाची बाहेरची अंगं, दरवाजा आणि लगतचे बुरूज एवढ्यावर सगळी मेहनत, आतली छपरं करायचीच नाहीत. कॅमेरा खालून वर बघणार म्हणून खोल्यांना खरा कडीपाट (लाकडी तुळया-फळ्यांचं छत) हवा. कडीपाट आला की वरून दिवे टांगता येत नाहीत, उजेड दारा-खिडक्यांतून आणि दिवट्या-समयांतूनच येणार. त्यामुळे खिडकी कुठल्या भिंतीत आणि किती मोठी, हे सुताराने हात लावायच्या आधी डीओपींनी सांगायला हवं. वेशभूषेत जरीचा थाट लांबून दिपवतो, पण इथे कॅमेरा हाताच्या अंतरावर आहे. तिथे कापडाचा पोत, घामाचा डाग आणि शिलाई दिसते, आणि मशीनची शिलाई जवळून लगेच ओळखू येते. पैसा जरीवरून हातशिलाईवर वळवायचा.

एक खोच सहसा सेट उभा राहिल्यावर लक्षात येते. सदरेवर राजा गादीवर मांडी घालून बसणार. मांडी घातलेल्या माणसाची नजर जमिनीपासून अडीच फुटांवर असते, गादीची जाडी धरून तीन. उभ्या शिपायाची नजर पाच फुटांवर. म्हणजे शिपाई राजाकडे वरून खाली बघतो! सदरेचं जोतं दोन फूट उंच केलं तर दोघांची नजर समोरासमोर येते, तीन फूट केलं तर शिपायाला मान वर करावी लागते. जोतं दोन फूट की तीन, हा प्रश्न गवंड्याचा वाटतो. तो तुमच्या मालिकेचा विषय आहे.

सर्वांत मोठी कात्री मात्र लेखकावर चालते. खलबतखान्यात शिबंदी नसते. मग तिथले प्रसंग बंद दाराबाहेरून ऐकू येणार की गाळायचे? आठ भागांत असे प्रसंग किती, ते पहिल्याच दिवशी मोजा. चार असतील तर लेखक सोडवेल. तीस असतील तर नियम तरी चुकलाय किंवा पटकथा तरी.

कागद दोन पानांचा पुरतो. पहिल्या पानावर गोष्ट कोणाच्या डोळ्यांनी, प्रत्येक भाग संपताना प्रेक्षक कुठल्या मनःस्थितीत हवा, दोन-तीन ‘नेहमी’ आणि चार-पाच ‘कधीच नाही’. दुसऱ्या पानावर प्रत्येक पक्षाचे रंग (फोटो नकोत, खऱ्या कापडाचे तुकडे चिकटवा), उजेडाचे स्रोत, लेन्सची व्याप्ती, दृश्यांची गती. मग वनलाइनमध्ये (सगळ्या सीनच्या एकेका ओळीच्या यादीत) प्रत्येक सीनपुढे एक रकाना वाढवा: ‘या सीननंतर काय बदललं?’ जिथे तो रिकामा राहतो तिथे पैसे खर्च करायच्या आधी थांबा.

आणि लुक टेस्ट. एक नट पूर्ण वेशात, आठ बाय आठ फुटांचा रंगवलेला भिंतीचा तुकडा, ठरलेला उजेड, ठरलेला कॅमेरा आणि लेन्स. ते चित्रण ग्रेडिंगपर्यंत (शेवटच्या रंगसंस्कारापर्यंत) नेऊन टीव्हीवर आणि फोनवर बघा. ज्योतीच्या उजेडाचं तापमान १९०० केल्विनच्या आसपास असतं, त्यात निळं जवळजवळ नसतंच. गर्द निळा शेला मशालीपुढे काळा पडतो, गेरू आणि तांबडा एकमेकांत मिसळतात. दोन फौजा निळ्या-काळ्याने वेगळ्या दाखवायचं ठरलं असेल तर रात्रीच्या छाप्यात कोण कोणाला मारतंय हे आईशपथ कळणार नाही. शंभर अंगरखे रंगवून झाल्यावर हे कळण्यापेक्षा एक शिफ्ट खर्च केलेली बरी.

टाइमलाइन_लाल

संकलनाच्या टेबलावरून थोडी भर.

एका नियमाने काय होतं याचा उत्तम नमुना म्हणजे जॉर्ज मिलरचा ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ (२०१५). साधारण ३,५०० चित्रांचा स्टोरीबोर्ड आधी तयार होता. ठरलेली जागा होती ऑस्ट्रेलियातलं ब्रोकन हिल. तिथे इतका पाऊस झाला की वाळवंटात फुलं उगवली, आणि सगळा लवाजमा नामिबियात न्यावा लागला. मुख्य चित्रण तिथे २०१२ मध्ये झालं. खंड बदलला तरी चित्रपट बदलला नाही, कारण तो जागेत नव्हता, चित्रांत होता.

आता टेबलावरची बाजू. सुमारे ४८० तासांचं चित्रण, त्यातून दोन तासांचा चित्रपट आणि जवळपास २,७०० कट. सरासरी पावणेतीन सेकंदांना एक. इतक्या वेगात प्रेक्षकाचा डोळा पडद्यावर शोधाशोध करायला लागला की संपलं, गोंधळ दिसतो. म्हणून डीओपी जॉन सील आणि सगळ्या कॅमेऱ्यांना एकच सूचना होती: महत्त्वाची गोष्ट चौकटीच्या मधोमध. त्यामुळे संकलक मार्गारेट सिक्सेल यांना बेदरकार कट करता आले, आणि संकलनाचं ऑस्कर त्यांना मिळालं. हा नियम शूटिंगनंतर सुचला असता तर? प्रत्येक शॉट मोठा करून सरकवावा लागला असता. ४के चित्रण करून एचडीत द्यायचं असेल तर तेवढी जागा असते. ४केमध्येच द्यायचं असेल तर प्रत्येक सरकवण्याला चित्राची धार जाते.

तुमच्या व्हीएफएक्सबद्दल. शॉटचा प्रवास साधारण असा: कटमधून टर्नओव्हर (शॉट व्हीएफएक्सकडे सोपवणं), मॅचमूव्ह (कॅमेऱ्याची हालचाल संगणकात जुळवणं), रोटो (माणसाची कडा कापून काढणं), अॅनिमेशन, लायटिंग, कॉम्प (सगळे थर एकत्र करणं). टर्नओव्हर देताना दोन्ही टोकांना हँडल, म्हणजे जादा फ्रेम, ठेवतात, ८ ते १२. दिग्दर्शकाने नंतर ‘सहा फ्रेम वाढव’ म्हटलं तर ते हँडलमध्ये निभावतं. ‘तो टेक नको, तिसरा घे’ म्हटलं की कॅमेऱ्याची हालचाल वेगळी, माणसाची कडा वेगळी, म्हणजे मॅचमूव्ह आणि रोटो शून्यापासून, आणि पुढचं बरंचसं परत. बाहेरून दोन्ही बदल सारखेच वाटतात. खर्चात दहापट फरक असू शकतो.

बदल येणारच असतात. ते स्वस्त टप्प्यावर यावेत म्हणून प्रीव्हिज, म्हणजे शूटिंगआधी संगणकावर केलेला प्रसंगाचा कच्चा आराखडा. सगळ्या मालिकेचं करत बसू नका, पैसे जातील. ज्या प्रसंगात तीन-चार विभाग एकमेकांत अडकतात, म्हणजे रात्रीचा छापा, कडा चढणं, तोफांचा मारा, तेवढ्यांचंच करा. करड्या ठोकळ्यांचं चालेल, पण लेन्स खरी मोजून घाला. १८ मिमीच्या रुंद लेन्सवर बसवलेली मारामारी सेटवर ५०ने घेतली की प्रीव्हिज रद्दी.

गनिमी_कावा

दोघांनाही धन्यवाद. जोत्याचं वाचून कलादिग्दर्शकांचा नकाशा काढून बघितला, तिथे उंची लिहिलेलीच नाही. पण एक उपप्रश्न. निर्मात्यांचं म्हणणं आहे की टीम अनुभवी आहे, बारीकसारीक सेटवर ठरेल. अनुभवी माणसं असली की तयारीचा वेळ कमी चालतो का?

दिंडी_दरवाजा

हा प्रयोग एकाच दिग्दर्शकावर दोनदा झालेला आहे, त्यामुळे अंदाज बांधायची गरज नाही.

पीटर जॅक्सनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तिन्ही भाग ऑक्टोबर १९९९ ते डिसेंबर २००० मध्ये एका दमात चित्रित झाले, २७४ दिवस. त्याआधी दोन वर्षांहून अधिक तयारी. गावाचं बांधकाम आधी उरकून झाडं वाढू दिली, चिलखतं आणि हत्यारं वर्कशॉपमध्ये केव्हाच सुरू झाली होती. मग ‘हॉबिट’. दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो मे २०१० मध्ये बाहेर पडले, जॅक्सनने सूत्रं घेतली आणि मार्च २०११ मध्ये चित्रण सुरू. चित्रकार तेच अॅलन ली आणि जॉन हाऊ, कार्यशाळा तीच, देश तोच, अनुभव तर दुप्पट. कमी होता तो वेळ. शिवाय जुलै २०१२ मध्ये, मुख्य चित्रण होऊन गेल्यावर, दोनाचे तीन चित्रपट करायचं ठरलं.

परिणाम जॅक्सननेच पडद्यामागच्या चित्रफितीत कबूल केलेत. स्टोरीबोर्ड नाहीत, सेटवर येऊन जमेल तसं करतोय, असं तो स्पष्ट सांगतो. शेवटच्या लढाईची आखणीच तयार नव्हती म्हणून तिचं चित्रण थांबवून २०१३ वर ढकलावं लागलं. गल्ल्यावर तिन्ही भाग चालले हे खरं, पण ‘अनुभवी टीम सांभाळून घेते’ म्हणणाऱ्यांनी ती फीत जरूर बघावी. अनुभवी टीम सांभाळते ती तारीख. चित्रपट सांभाळला जाईलच असं नाही.

वर लुक टेस्टचा मुद्दा आलाय त्याला जोडून. ‘हॉबिट’ थ्रीडीत आणि सेकंदाला ४८ फ्रेमने घेतला. त्या कॅमेऱ्यावर रंग फिके पडत होते, विशेषतः लाल. म्हणून रंगभूषेत लाली वाढवावी लागली आणि जंगलाच्या सेटवरची झाडं अक्षरशः जत्रेतल्या पाळण्यासारखी भडक रंगवली, तेव्हा कुठे पडद्यावर ती नेमस्त दिसली. थ्रीडीमुळे आणखी एक गोची झाली. आधीच्या चित्रपटांत बुटके-उंच दाखवायला एकाला कॅमेऱ्याजवळ आणि दुसऱ्याला लांब बसवायची जुनी युक्ती होती. थ्रीडीत खोली दिसते, युक्ती उघडी पडते. मग उंच गँडाल्फ झालेल्या इयन मॅकलन यांना हिरव्या पडद्यासमोर एकट्याने संवाद म्हणावे लागले. तांत्रिक निर्णय आधी, त्याचे अभिनयावरचे परिणाम नंतर, असा उलटा क्रम लागला की हे होतं.

खेळगडी

गेमवाल्यांची एक ओळ. ‘ड्यूक न्यूकेम फॉरेव्हर’ १९९७ मध्ये जाहीर झाला, १९९८ मध्ये इंजिन (ज्यावर गेम चालतो ते मूळ सॉफ्टवेअर) बदललं, बाजारात आला २०११ मध्ये. दरम्यान दुसऱ्या कोणाच्या गेममध्ये काही भारी दिसलं की आपल्यातही हवं, असं चालू. ‘काय नको’ची यादी नसली की स्पर्धक तुमचं व्हिजन लिहितो.

वाकडं_तोंड

व्हिजनचं इतकं कौतुक चाललंय म्हणून विरुद्ध बाजू.

मायकल चिमिनोचा ‘हेवन्स गेट’ (१९८०). त्या गृहस्थांना काय हवं ते इंचाइंचाने माहीत होतं. उभारलेला रस्ता सहा फूट अरुंद वाटला. बांधकामवाल्यांनी सुचवलं की एकच बाजू पाडून सहा फूट मागे घेऊ. नाही, दोन्ही बाजू पाडून तीन-तीन फूट मागे न्या! खर्च ४४ दशलक्ष डॉलर्सवर गेला, अमेरिकेतलं उत्पन्न चार दशलक्षही नाही, आणि पुढच्याच वर्षी तो काढणारी युनायटेड आर्टिस्ट्स ही कंपनी विकली गेली. स्पष्टता होती, कुंपण नव्हतं. मला तर ही कथा प्रत्येक निर्मात्याच्या केबिनमध्ये फ्रेम करून लावावीशी वाटते.

उलट ‘कॅसाब्लांका’ १९४२ मध्ये चित्रित होत असताना पटकथा अजून लिहिली जात होती. तरी निभावलं, कारण बहुतेक सगळं स्टुडिओच्या आवारात, पगारी नोकरीतला संच, आणि बदल झाला तर कागदच बदलायचा. दोनशे घोडे आणि तीन व्हीएफएक्स कंपन्या असताना ते उदाहरण कोणी देऊ नये.

कामाचं उदाहरण ‘जॉज’ (१९७५). यांत्रिक शार्क गोड्या पाण्यात चालला, समुद्रात बिघडला. ५५ दिवसांचं चित्रण १५९ दिवसांवर गेलं. दिग्दर्शक स्पीलबर्गने शार्क दाखवणं कमी केलं आणि पाण्यावर ओढले जाणारे पिवळे पिंप दाखवले. भीती तशीच ठेवली, शार्क सोडून दिला. म्हणून वरच्या दोन पानी कागदात माझी एक दुरुस्ती: प्रत्येक ‘नेहमी’पुढे लिहा की हे मोडलं तर मालिका मोडते, की हे फक्त आवडतं म्हणून आहे. तुमच्या शिबंदीच्या उदाहरणात नजर पहिल्या प्रकारची, कडीपाट दुसऱ्या. कडीपाट परवडला नाही तर वरचा भाग अंधारात बुडवा, नजर शाबूत राहते.

विंगेतून

रंगमंचाचा अनुभव इथे थेट लागू पडत नाही, पण एक दाखला द्यायलाच हवा. बाबासाहेब पुरंदऱ्यांचं ‘जाणता राजा’. उघडं मैदान, हजारो प्रेक्षक, दोनशेच्या वर कलाकार, घोडे, हत्ती. यात सगळ्याला पुरून उरणारा निर्णय म्हणजे संवाद आणि संगीत ध्वनिमुद्रित. अनेक नाट्यवेड्यांना हे रुचत नाही, जिवंत आवाज नाही म्हणून. पण परिणाम बघा. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द स्पष्ट. दौऱ्यात त्या त्या गावची माणसं गर्दीसाठी घेता येतात, कारण त्यांच्याकडून आवाज नको, हालचाल हवी. प्रयोगाची लांबी रोज तीच, म्हणून प्रकाशाचे, आतषबाजीचे, जनावरांच्या प्रवेशाचे इशारे फितीवर बांधता येतात. घोडा संवाद संपायची वाट बघत नाही, त्याला वेळ ठरलेली लागते. बदल्यात अभिनय मोठ्या हातवाऱ्यांचा होतो, बारीक चेहरा दिसत नाही. ते मान्य करूनच पुढचं सगळं बेतलंय.

उलट न्यूयॉर्कला ‘स्पायडर-मॅन: टर्न ऑफ द डार्क’ हे संगीत नाटक. ७५ दशलक्ष डॉलर्स, १८२ पूर्वप्रयोग, मधेच दिग्दर्शिका बदलली, खेळ काही आठवडे बंद ठेवून गोष्ट नव्याने बांधली, जून २०११ मध्ये अधिकृत उद्घाटन. उडण्याच्या तारा आणि मोटारी आधी बसल्या होत्या. गोष्ट त्यांच्याभोवती फिरवावी लागली, आणि तारा हलत नाहीत.

पडद्यामागचा

वाकडं_तोंड यांची दुरुस्ती मान्य, तो रकाना हवाच. आता उरलेले दोन प्रश्न.

ठरवणारा एकच. चर्चा सगळ्यांशी, शेवटचं ‘हो’ एका नावाचं, आणि ते नाव प्रत्येक विभागाला लेखी कळलेलं असावं. मालिकेत बहुधा एकाहून जास्त दिग्दर्शक असतात, तेव्हा तो माणूस भागाचा दिग्दर्शक नसून आठही भागांचा सूत्रधार असायला हवा. त्याची मुख्य जबाबदारी चोवीस तासांच्या आत उत्तर देणं. उत्तर लांबलं की विभाग थांबत नाहीत, आपापलं गृहीत धरून पुढे जातात. तुमच्याकडे तेच झालंय.

बदलांसाठी चार दारं ठेवा. शूटिंगच्या आठ आठवडे आधी पटकथा बंद, आणि आठही भागांची. तुम्ही लोकेशनप्रमाणे शूट करणार, म्हणजे सदरेवरचा पहिल्या आणि सातव्या भागाचा सीन एकाच दिवशी लागणार. सातवा ‘नंतर बघू’ असेल तर सदर दोनदा उभी करावी लागेल. पाच आठवडे आधी सेट आणि वेशभूषा बंद, कारण त्यानंतर कापड रंगाऱ्याकडे गेलेलं असतं. मग कॉलशीटं (रोजच्या चित्रणाची हजेरीपत्रकं) सुटतात ते तिसरं दार, आणि चौथं पिक्चर लॉक, म्हणजे संकलन पक्कं होणं. प्रत्येक दारानंतर बदल तोंडी नाही, चिठ्ठीवर: काय बदलायचं, दोन पानांपैकी कुठल्या ओळीसाठी, कुठले विभाग हलतील, किती दिवस, किती रुपये, सही. चिठ्ठी भरतानाच निम्मे बदल विरघळतात.

दहा आठवडे आहेत म्हणजे दोन पानांसाठी फार तर आठ-दहा दिवस. निर्माते, दिग्दर्शक, लेखक, डीओपी आणि कलादिग्दर्शक एका खोलीत, फोन बाहेर. पण त्याच्या आधी, शक्यतो आजच, व्हीएफएक्सला फोन करून ते हवाई दृश्य थांबवायला सांगा. त्यांचं मीटर रोज पडतंय.